नागपुरात राहून स्टॉक फोटो कसे विकायचे

मार्च संपत आला की आमच्या घरी गच्चीवर झाकून ठेवलेला कूलर खाली येतो. बाबा मागच्या वर्षीच्या ताट्या काढून फेकतात, जाळी घासतात, नवं गवत बसवतात आणि पंप लावून पाणी नीट झिरपतंय का ते बघतात. चार वर्षांपूर्वी हे काम चालू असताना मी त्यांच्या हातांचे वीसेक फोटो काढले. आजवर माझा सगळ्यात जास्त वेळा विकला गेलेला फोटो त्यातलाच आहे. त्याच महिन्यात फुटाळा तलावावर चार संध्याकाळी उभं राहून टिपलेला सूर्यास्त मात्र एकदाही कोणी घेतला नाही.

सूर्यास्त प्रत्येक वेबसाइटवर लाखोंनी पडून आहेत. पण उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की भारतातल्या उष्णतेच्या लाटेवर बातम्या आणि लेख लिहिणाऱ्यांना 'घरातला उन्हाळा' दाखवायचा असतो, आणि तसा फोटो शोधायला गेलं की फारसं काही हाती लागत नाही. स्टॉक फोटो, म्हणजे आधीच काढून वेबसाइटवर विकायला ठेवलेले फोटो. त्यांचा धंदा या तुटवड्यावर चालतो. सुंदर फोटो सगळेच काढतात. एखाद्या अनोळखी माणसाला कामासाठी लागणारा, आणि दुसरीकडे सहज न सापडणारा फोटो काढता आला पाहिजे. नागपुरात असे विषय आपल्या दारात आहेत, म्हणून हा लेख इथल्याच उदाहरणांनी लिहितो.

आपण विकतो काय

फोटो विकला म्हणजे तो हातातून गेला, असं इथे होत नाही. आपण विकतो वापरायचा परवाना. कॉपीराइट आपलाच राहतो आणि एकच फोटो शंभर जणांना शंभर वेळा विकता येतो. म्हणून एका विक्रीचे पैसे थोडे असतात.

परवान्याचे दोन प्रकार सुरुवातीलाच डोक्यात पक्के करा. कमर्शियल म्हणजे जाहिरात, पॅकिंग, कंपनीचं माहितीपत्रक अशा कामांसाठी. यात ओळखू येणाऱ्या प्रत्येक माणसाची लेखी संमती लागते आणि कुठलाही लोगो किंवा ब्रँडचं नाव दिसलेलं चालत नाही. एडिटोरियल म्हणजे बातम्या, लेख, पाठ्यपुस्तकं. यात माणसांच्या सह्या सहसा लागत नाहीत, दुकानाच्या पाट्याही चालतात. पण फोटोत काही पुसायचं नाही, काही जोडायचं नाही. रंग आणि उजेड थोडा नीट केला तर हरकत नसते.

नागपुरात काय टिपावं

कळमना मार्केटपासून सुरुवात करा. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येऊ लागतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. सकाळी लवकर गेलात की जमिनीवर केशरी ढीग, बोली लावणारे व्यापारी, पाठीवर माल वाहणारे हमाल, सगळं एका चौकटीत मिळतं. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नुसत्या 'ऑरेंज'पेक्षा 'नागपूर ऑरेंज' असा शोध घेणारे लोकही आहेत. आधी अडत्याला भेटा, कशासाठी फोटो काढताय ते सांगा आणि त्यांच्या कामाच्या वाटेत उभं राहू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आल्यापावली कॅमेरा काढला आणि एका हमालदादांनी पाठ फिरवली. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या वेळी अर्धा तास नुसता चहा प्यायलो, बोललो, मग कॅमेरा काढला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक ही आपली खास दौलत. काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे, मागून बडगे म्हणजे आणखी पुतळे, आणि गल्लीत लाकडी नंदी सजवून उभी असलेली पोरं. हे सगळं एडिटोरियलमध्ये टाका. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारा जनसागर, झिरो माइलचा स्तंभ, हिवाळी अधिवेशनात विधानभवनाबाहेर लागणारे बंदोबस्ताचे कठडे, हेही एडिटोरियलच. दीक्षाभूमीवर लोक श्रद्धेने आलेले असतात. तिथे कोणाच्या तोंडासमोर लेन्स धरू नका. दुरून, गर्दीचा अंदाज देणारे फोटो जास्त उपयोगी पडतात आणि कोणाला त्रासही होत नाही.

बाकी रोजच्या जगण्यातलं बघा: स्कार्फ बांधून स्कूटीवर निघालेली मुलगी, रांजणातून पाणी घेणारा माणूस, तर्री पोह्यांची गाडी, कापसाने भरलेली बैलगाडी, सोयाबीनचं वाळवण, अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसलेली मुलं, यूपीआयचा कोड स्कॅन करणारी भाजीवाली. स्कार्फमुळे चेहरा झाकला तरी कपडे, गाडी आणि ठिकाण यांवरून माणूस ओळखू येऊ शकतो, त्यामुळे कमर्शियलसाठी तिथेही सही घ्या आणि गाडीचा नंबर फोटोत येऊ देऊ नका.

वाघाबद्दल बरेच जण विचारतात. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला आपल्या जवळ आहेत खरे, पण मोठ्या लेन्स घेऊन आयुष्यभर जंगलात फिरलेल्या लोकांचे फोटो वेबसाइटवर आधीपासून आहेत. सफारीचा खर्च स्टॉकच्या पैशातून निघेल या हिशेबाने जाऊ नका. आणि ड्रोन घेतला असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवर ड्रोन कुठे उडवता येतो त्याचा नकाशा पाहा. आपल्या शहरात विमानतळ आहे, वायुसेनेचं मोठं ठाणं आहे. परवानगीशिवाय उडवणं महागात पडेल.

सणांचे फोटो दोन-तीन महिने आधी अपलोड झालेले लागतात, कारण दिवाळीची जाहिरात ऑगस्ट-सप्टेंबरात तयार होते. म्हणजे या दिवाळीत काढलेले फोटो पुढच्या दिवाळीसाठी.

कॅमेरा

शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या फोटो विकणाऱ्या दोन्ही वेबसाइटवर किमान ४ मेगापिक्सेलचा फोटो चालतो. म्हणजे आजचा बरा मोबाइलही दिवसाच्या उजेडात पुरतो. अडचण येते ती संध्याकाळी आणि घरात, जिथे मोबाइलचा फोटो मोठा करून पाहिला की रंग लोण्यासारखे फासलेले दिसतात. जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची लेन्स सेकंडहँड घेतली तरी पुष्कळ वर्षं काम भागतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) जमेल तितका कमी ठेवा, ट्रायपॉड घ्या. नवीन बॉडीसाठी हप्ते मात्र सुरू करू नका. पहिली दोन वर्षं या कामातून हप्ता निघत नाही.

सांबारवडीची एक सकाळ

एक पूर्ण शूट कसं होतं ते सांगतो. शेजारच्या काकू हिवाळ्यात सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, करतात. मी आदल्या दिवशी विचारून ठेवलं आणि सकाळी नऊला त्यांच्या स्वयंपाकघरात पोचलो. उजेड पूर्वेच्या खिडकीतून येत होता. ओटा खिडकीपासून लांब, म्हणून लाकडी पाट आणि परात खिडकीखाली आणली. ट्यूबलाइट बंद केली, कारण दोन रंगांचे उजेड एकत्र आले की बेसन हिरवट दिसतं. समोरच्या बाजूला थर्माकोलची एक शीट उभी केली, तेवढ्याने सावलीतली बाजू उजळली. तेलाचं पाकीट, मसाल्याचा डबा, भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर, सगळं बाजूला. मिक्सरवरचं नाव दिसत होतं, तो भिंतीकडे वळवला.

मग क्रमाने काढत गेलो: धुतलेल्या सांबाराची जुडी, सुरीखाली बारीक होणारा सांबार, खोबरं, खसखस, तीळ, लाटलेली पारी आणि तिला चिंचेच्या कोळाचं बोट, सारण भरून पुड बांधणारे हात, कढईत सुटलेले बुडबुडे, शेवटी ताटलीत कढीसोबत वडी. प्रत्येक टप्प्याचा एक आडवा, एक उभा, आणि एक असा की अर्धी चौकट रिकामी. ही रिकामी जागा फार महत्त्वाची, कारण घेणाऱ्याला तिथे मजकूर टाकायचा असतो. कढईतली वडी एकदाच तळली जाते, तिथे शटर स्पीड पाचशेच्या पुढे (सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून जलद) ठेवा.

काम झाल्यावर मी कागद पुढे केला. काकू म्हणाल्या, "फोटो काढ बाप्पा किती काढाचे ते, पण सही कायले पायजे?"

सहीचा कागद

या प्रश्नाचं उत्तर नीट देणं ही आपली जबाबदारी आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. मॉडेल रिलीज म्हणजे माणसाने आपला फोटो व्यापारी कामासाठी वापरायला दिलेली लेखी संमती. बहुतेक वेबसाइट आपला नमुना देतात. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, सही, तारीख, फोटो काढणाऱ्याची सही आणि साक्षीदाराची सही असते. साक्षीदार तिसराच कोणी लागतो. अठराच्या खालचं मूल असेल तर आई किंवा वडील सही करतात. स्वतःचा फोटो पाठवला तरी स्वतःचा रिलीज जोडावा लागतो. कोणाचं खासगी घर किंवा दुकानाचा आतला भाग ओळखू येत असेल तर मालकाकडून प्रॉपर्टी रिलीज घ्या.

फॉर्म इंग्रजीत असतो. तो समोर ठेवून "इथे सही करा" म्हणणं मला पटत नाही. मी प्रत्येकाला मराठीत तीन गोष्टी सांगतो. एक, हा फोटो जगात कुठेही छापला जाऊ शकतो आणि कुठे छापायचा ते तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही. दोन, एकदा परवाना गेला की तो परत घेता येत नाही. तीन, मला यातून पैसे मिळतील, थोडे असतील, पण मिळतील. हे ऐकून कोणी नको म्हणालं तर कॅमेरा पिशवीत. काकूंनी फक्त हातांचे फोटो चालतील असं सांगितलं. हात ओळखू येत नाहीत, तरी मी सही घेतली, कारण त्यांच्या अंगठीवरून कोणी विचारलंच तर कागद हवा. मोबदला काय द्यायचा ते आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या.

निवड आणि तपासणी

त्या दिवशी एकशे चाळीस फोटो निघाले, पाठवले अकरा. सुरुवातीला मी जवळजवळ सारखे दिसणारे चाळीस फोटो एका दमात पाठवले होते आणि बहुतेक सगळे 'सारखेच आहेत' म्हणून परत आले. शिवाय दोन फोटोंत संत्र्याच्या क्रेटवर कंपनीचं नाव कोपऱ्यात राहून गेलं होतं.

प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून डावीकडून उजवीकडे, वरून खाली पूर्ण बघा. फोकस जिथे हवा तिथे आहे का, सावलीत दाणे दिसतात का, कडांना जांभळी रेघ आहे का, आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके आहेत का. आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ लेन्स बदलताना आत जाते, त्यामुळे एप्रिल-मेमधले फोटो जास्त बारकाईने तपासा. धार वाढवणं आणि रंग भडक करणं टाळा. छोटा फोटो ताणून मोठा करू नका. शेवटी एसआरजीबी रंगात, सर्वांत चांगल्या दर्जाची जेपेग काढा. फोटो नीट करायला लाइटरूम हे सॉफ्टवेअर नसेल तर डार्कटेबल मोफत आहे आणि पुरेसं आहे.

नाव आणि कीवर्ड

इथे बहुतेक जण कंटाळतात आणि इथेच विक्री हुकते. आपला फोटो घेणारा तो डोळ्यांनी शोधत नाही, शब्दांनी शोधतो, तेही बहुतांशी इंग्रजी शब्दांनी.

सांबारवडीचंच बघा. मी पहिल्यांदा कीवर्डमध्ये 'सांबार' लिहिलं. नागपूरबाहेरच्या माणसाला सांबार म्हणजे इडलीसोबतची आमटी, आणि पेंचला जाऊन आलेल्याला सांबर हरीण. कोथिंबीर कोणाच्या डोक्यात येणार? मग बदलून 'कोरिअँडर लीव्ह्ज', 'सिलँट्रो', 'इंडियन स्नॅक', 'डीप फ्राइड', 'महाराष्ट्रीयन फूड', 'विदर्भ', 'नागपूर', 'होममेड', 'हँड्स', 'विंटर फूड' असे घातले. 'सांबारवडी' हा शब्द ठेवला, पण शेवटी.

नाव म्हणजे एक साधं पूर्ण वाक्य: कोण, काय करतंय, कुठे. एडिटोरियलसाठी शटरस्टॉकला आधी शहर, देश, तारीख आणि मग घडलेल्या गोष्टीचं वर्णन, असा ठरावीक साचा लागतो. शटरस्टॉकवर किमान ७ आणि जास्तीत जास्त ५० कीवर्ड चालतात, अडोबीवर ४९. अडोबीवर क्रमाला वजन आहे, पहिले दहा शब्द सगळ्यात महत्त्वाचे. फोटोत नसलेली वस्तू कीवर्डमध्ये घालू नका. हे सगळं फाइलच्या आतच आयपीटीसीत (फोटोच्या माहितीच्या रकान्यांत) लिहून ठेवलं तर एकदाच मेहनत. डिजिकॅम या सॉफ्टवेअरमध्ये ते मोफत करता येतं आणि अपलोड करताना वेबसाइट ते आपोआप वाचतात.

कुठे विकायचं

माझा सल्ला: अडोबी स्टॉक आणि शटरस्टॉकपासून सुरुवात करा, पन्नास फोटो मंजूर झाले की अलामी जोडा. अडोबी फोटोवर ३३ टक्के देतं. शटरस्टॉकचं प्रमाण वर्षभरातल्या डाउनलोडवर अवलंबून आहे: १५ टक्क्यांपासून सुरू होऊन ४० पर्यंत जातं, आणि दर १ जानेवारीला पुन्हा तळापासून. सगळ्यात लहान विक्रीचे तिथे १० सेंट मिळतात. ही पद्धत मला अन्यायाची वाटते, कारण वर्षभर चढलेली पायरी एका रात्रीत जाते. पण ग्राहक तिथे आहेत. आयस्टॉकवर एक्सक्लुझिव्ह नसलेल्यांना (म्हणजे फोटो इतरत्रही विकणाऱ्यांना) फोटोमागे १५ टक्के मिळतात. ब्रिटनच्या अलामीवर विक्री क्वचित होते, पण एका विक्रीची रक्कम सहसा मोठी असते, आणि मारबत किंवा कळमन्यासारखे स्थानिक एडिटोरियल फोटो तिथे शोभतात. सुरुवातीला तीन फोटो पाठवून त्यांची तपासणी पास करावी लागते. एक नापास झाला तर सगळेच परत. तिथे फाइल उघडल्यावर किमान १७ एमबीची हवी, तेव्हा लहान फोटो पाठवू नका.

पहिल्या वर्षी कुठेही एक्सक्लुझिव्ह करार करू नका. आपला कोणता फोटो कुठे चालतो हे तोवर आपल्यालाच ठाऊक नसतं.

पैसे आणि कर

खातं उघडताना पॅनवर आहे तेच नाव, तेच स्पेलिंग लिहा. पॅन, बँक आणि पेपॅल यांत एका अक्षराचा फरक असला तरी पैसे अडकतात. अमेरिकन कंपन्या डब्ल्यू-८बेन नावाचा कर फॉर्म मागतात. तो ऑनलाइन भरला जातो, पाच-सात मिनिटांचं काम आहे. त्यात पॅन नंबर देऊन भारत-अमेरिका कर-करार निवडला की अमेरिकेतल्या ग्राहकांकडून आलेल्या रकमेवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. बाकी देशांतल्या विक्रीवर तो कापत नाहीत. फॉर्म सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाअखेरपर्यंत चालतो, मग पुन्हा भरा. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

अडोबीवर २५ डॉलर जमले आणि पहिल्या विक्रीला ४५ दिवस झाले की पैसे काढता येतात. पेपॅल किंवा पेओनिअरमधून ते रुपयांत आपल्या बँकेत येतात. त्यात त्यांचं कमिशन आणि डॉलरचा थोडा कमी दर, असं दोन्हीकडून कापलं जातं. म्हणून मी दर महिन्याला काढत नाही, थोडे साठू देतो. ही कमाई आपल्या विवरणपत्रात दाखवायची आहे. अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट इथे मागता येते, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो. परकीय रक्कम आल्याचा दाखला आणि वर्षाचं स्टेटमेंट घेऊन सीएकडे एकदा तासभर बसा.

किती वेळ, किती पैसे

माझी पहिली कमाई १० सेंट होती आणि ती तिसऱ्या महिन्यात झाली. पहिला पेआउट यायला जवळजवळ वर्ष लागलं, तेव्हा माझे अडीचशेच्या आसपास फोटो मंजूर होते. आज या पैशात घर चालत नाही. लेन्सचा, पेट्रोलचा, हार्ड डिस्कचा खर्च निघून थोडं उरतं. नोकरी सोडून यात उतरणाऱ्यांना मी कळवळून थांबवतो. आठवड्याला दहा नीट निवडलेले, नीट शब्द लावलेले फोटो, असं दोन वर्षं जमेल का, एवढंच स्वतःला विचारा.

एआयचा प्रश्न यात येणारच. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं संत्रं आता कोणीही दोन सेकंदांत बनवून घेतं, त्या फोटोंची विक्री घसरणार आणि घसरते आहे. शटरस्टॉक आणि गेटी ही दुसरी मोठी फोटो कंपनी आपल्याकडून एआयने बनवलेले फोटो घेत नाहीत. अडोबी घेतं, पण तसं स्पष्ट नोंदवावं लागतं. आपले फोटो एआयला शिकवायला वापरले जातात का, त्याचे पैसे मिळतात का, नको म्हणायची सोय आहे का, हे खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा. कळमन्यातला नोव्हेंबरचा एक ठरावीक सकाळचा लिलाव, तारखेसकट, कोणत्याही यंत्राला बनवता येत नाही. म्हणून मी आता वस्तूंचे फोटो कमी केलेत आणि माणसांच्या कामाचे वाढवलेत.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. प्रत्येक शूटचं फोल्डर तारीख आणि ठिकाणाच्या नावाने, रिलीजचे स्कॅन त्याच फोल्डरात, आणि सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. दोन-तीन महिन्यांनी आपले चांगले चाललेले फोटो गूगल लेन्सवर टाकून कुठे वापरले गेलेत ते बघा. मी तसं बघत असताना काकूंचे हात परदेशातल्या एका पाककृतीच्या लेखात सापडले. पान छापून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, "यंदा थंडीत पुन्हा करू का वड्या? या वेळी चेहरा आला तरी चालते."

सहीचा नवा कागद आता तयार ठेवला आहे.